पाऊस २६ तारखेचा, नोंद २७ तारखेची: हे एआय एजंटला कोण सांगणार?

२६ जुलै २००५ या दिवशी मुंबईवर कोसळलेल्या पावसाची ओळख करून द्यावी लागत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मात्र भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या दैनिक नोंदींत हा आकडा शोधू गेल्यास तो २६ जुलैपुढे सापडत नाही, २७ जुलैपुढे सापडतो. यात चूक कोणाचीही नाही. विभागाचा पावसाचा ‘दिवस’ मध्यरात्री संपत नाही. तो सकाळी ८.३० वाजता संपतो. आदल्या दिवशीच्या ८.३० पासून जमलेले पाणी सकाळी मोजायचे आणि मोजणीच्या तारखेवर लिहायचे, अशी ही जुनी आणि सुसंगत पद्धत आहे. २६ च्या दुपारी आणि रात्री पडलेला पाऊस २७ च्या सकाळी मोजला गेला, म्हणून तो नोंदवहीत २७ चा. हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट लवकरच कळते, आणि पुष्कळदा ती पुस्तकातून कळत नाही. शेजारच्या टेबलावर बसणारी ज्येष्ठ विद्यार्थिनी चहा पिता पिता ती सांगून टाकते.

आता एक कल्पना करावी. एखाद्या संशोधन गटाने पावसाच्या या नोंदी एका सॉफ्टवेअर टूलमध्ये बसवल्या आणि ते टूल एआय एजंटच्या हाती दिले. टूलच्या वर्णनात एकच वाक्य आहे: ‘दिलेल्या दिनांकाचा पाऊस परत करते.’ एजंटला प्रश्न विचारला जातो, ‘२६ जुलै २००५ रोजी मुंबईत किती पाऊस झाला?’ एजंट २६ तारीख पाठवतो. टूल इमानदारीने २६ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांचा, म्हणजे प्रलयाच्या आधीचा, आकडा परत करते. एजंट तो आकडा सुबक वाक्यात गुंफून उत्तर देतो. टूल चुकले नाही, डेटा चुकला नाही, एजंटने सांगितल्याप्रमाणेच केले. आणि उत्तर मात्र सपशेल खोटे. मुंबईचा हा आकडा इतका प्रसिद्ध आहे, की एजंट कदाचित आपल्या आठवणीवरून सावरेलही. मराठवाड्यातल्या किंवा कालाहंडीतल्या एखाद्या तालुक्याच्या १९८७ मधील पावसाबाबत त्याला सावरणारे कोणी नाही.

एक ओळ लिहिली असती तर हे टळले असते. ती ओळ लिहिणे हे कोणाचे काम, हा प्रश्न आज भारतीय विज्ञानात विचारलाच जात नाही.

देशातील विज्ञानवृत्ते पाहिली, तर यंत्रांच्या बातम्यांना तोटा नाही. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशन मंजूर झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंडिया-एआय मिशनला १०,३७१.९२ कोटी रुपयांची मंजुरी दिली. संगणनक्षमता, डेटासंच, कौशल्ये, नवउद्योग असे त्याचे स्तंभ आहेत. हे सारे स्वागतार्ह आहे. पण यंत्र आणि डेटा यांच्यामध्ये एक अरुंद पूल असतो. या डेटातील आकड्याचा अर्थ काय, हे टूल केव्हा वापरावे आणि केव्हा वापरू नये, हे सांगणारा मजकूर म्हणजे तो पूल. बातम्यांत त्याचा उल्लेख नसतो आणि संशोधन गटांच्या वेळापत्रकात त्याला वार नसतो. ‘कोड चालतोय ना, डॉक्युमेंटेशन नंतर बघू’ हे वाक्य ज्याच्या भिंतींनी कधीच ऐकले नाही, असा संशोधन गट विरळाच.

ही वृत्ती आजवर कशीबशी खपून गेली. एजंटांच्या काळात ती खपणार नाही, आणि खपवून घेऊही नये.

एजंट टूल कसे वापरतो, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. भाषिक प्रारूपाला टूलची एक यादी दिली जाते. प्रत्येक टूलचे नाव, काही वाक्यांचे वर्णन आणि त्याला पुरवायच्या घटकांची माहिती (दिनांक, अक्षांश, रेखांश इत्यादी) एवढेच त्या यादीत असते. प्रारूप ही यादी वाचते, प्रश्नाशी जुळवते, ‘हे टूल, या किमतींसह चालवा’ असा मजकूर तयार करते. आजूबाजूचा प्रोग्राम ते टूल चालवतो आणि उत्तर पुन्हा मजकूर म्हणून प्रारूपासमोर ठेवतो. जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या प्रारूपांना अशी जोडणी दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हे खुले मानक जाहीर केले, आणि टूल जोडणे आणखी सोपे झाले. जोडणे सोपे झाले म्हणून समजणे सोपे झाले, असे मात्र नाही. या व्यवस्थेत टूलचे वर्णन हे बाजूला ठेवलेले माहितीपत्रक राहत नाही. एजंटच्या दृष्टीने वर्णन म्हणजेच टूल. जे वर्णनात नाही, ते त्याच्या जगात नाही.

माणसाचे तसे नसते. नवखा संशोधक अपुऱ्या वर्णनावर तीन मार्गांनी मात करतो: तो ज्येष्ठांना विचारतो, आलेख काढून डोळ्यांनी पाहतो, आणि आकडा विचित्र वाटला तर थबकतो. एजंटचा पहिला मार्ग बहुधा बंद असतो, दुसरा सांगितल्याशिवाय तो चोखाळत नाही, आणि तिसऱ्याची खात्री नाही. विचारायची सोय नसेल, तर रिकामी जागा तो सर्वांत संभाव्य अंदाजाने भरतो. आणि ‘दिवस’ या शब्दाचा सर्वांत संभाव्य अर्थ मध्यरात्र ते मध्यरात्र असाच आहे. अंदाज आणि ज्ञान या दोहोंसाठी त्याची वाक्यरचना सारखीच ठाम असते, हा खरा धोका.

पावसाचेच उदाहरण पुढे नेले, तर या पुलाला किती फळ्या लागतात ते दिसते.

पहिली फळी एककाची. हवामानशास्त्र विभागाच्या जाळीबद्ध नोंदींत पाऊस मिलिमीटरमध्ये असतो. युरोपीय केंद्राच्या ‘ईआरए-५’ या जागतिक संचात तोच पाऊस मीटरमध्ये असतो. हवामानबदलाच्या जागतिक प्रारूपांत तो दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती किलोग्रॅम, अशा प्रवाहाच्या रूपात असतो आणि दिवसाचे मिलिमीटर काढायला त्याला ८६,४०० ने गुणावे लागते. म्हणजे सांताक्रूझचा तो पाऊस एका ठिकाणी ९४४, दुसऱ्या ठिकाणी ०.९४४ आणि तिसऱ्या ठिकाणी सुमारे ०.०१०९ असा लिहिला जाईल. तिन्ही बरोबर. एकक न सांगता परत केलेला आकडा मात्र तिन्ही ठिकाणी निरर्थक.

दुसरी फळी अनुपस्थितीची. विभागाच्या पावसाच्या जाळीबद्ध संचात जिथे नोंद नाही तिथे −९९९ लिहिलेले असते. तापमानाच्या संचात त्याच अर्थाने ९९.९ लिहिलेले असते. हे संकेत वापरकर्त्यांना ठाऊक आहेत. पण टूलच्या वर्णनात ते नसतील तर काय होईल? −९९९ सरासरीत मिसळला, तर ऋण पाऊस बाहेर येतो आणि कोणीतरी ओरडते. ९९.९ चे तसे नाही. किनाऱ्यालगतच्या दहा चौकटी घ्याव्या. नऊ जमिनीवर, प्रत्येकी ३० अंश सेल्सिअस. दहावी समुद्रात, म्हणून ९९.९. सरासरी येते ३६.९९. सदतीस अंश! मे महिन्यात हा आकडा कोणालाही खटकणार नाही. तो तक्त्यात बसेल, आलेखात उतरेल, ‘किनारपट्टीवर उष्णता वाढली’ असा निष्कर्षही निघेल. हास्यास्पद चूक पकडली जाते; सभ्य दिसणारी चूक छापली जाते. अपुऱ्या वर्णनातून बहुतेक वेळा दुसऱ्या जातीची चूक जन्मते.

तिसरी फळी शून्याची. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पाऊस मोजला गेला नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टूल दोन्ही वेळा रिकामी यादी परत करत असेल, तर एजंट दुष्काळ आणि बिघडलेले उपकरण यांत फरक करू शकणार नाही.

चौथी फळी व्याख्येची. ‘पावसाचे दिवस किती?’ हा प्रश्न बाळबोध वाटतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या लेखी किमान २.५ मिलिमीटर पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय निर्देशांकांत ओल्या दिवसासाठी १ मिलिमीटर पुरतो. टूल कोणती व्याख्या वापरते हे सांगितले नाही, तर राजस्थान आणि स्पेन यांची तुलना करणारा एजंट दोन वेगळ्या पट्ट्यांनी दोन मुलांची उंची मोजेल आणि त्यांतला उंच कोण हेही जाहीर करेल.

पाचवी फळी जागेची. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच काळात कुलाब्याला पंच्याहत्तर मिलिमीटरसुद्धा झाला नाही. जाळीबद्ध संचाची एक चौकट पाव अंशाची, म्हणजे बाजू सुमारे २७ किलोमीटर. आणि या दोन ठाण्यांमधले अंतर त्याहून कमी. चौकटीचा आकडा हा आजूबाजूच्या ठाण्यांवरून काढलेला अंदाज असतो. तो कोणत्याही एका ठाण्याचा पाऊस नव्हे. ‘मुंबईतील कमाल पाऊस’ या टूलला विचारू नये, हे टूलनेच सांगायला हवे.

हे सारे पावसासारख्या साध्या राशीबद्दल झाले. इतर शास्त्रांतही चित्र वेगळे नाही. खगोलशास्त्रात विषुवांश काही टूल तासांत घेतात, काही अंशांत. एक तास म्हणजे १५ अंश, त्यामुळे गल्लत झाली की दुर्बीण भलत्याच आकाशाकडे पाहते. ज्युलियन दिनांक आणि सुधारित ज्युलियन दिनांक यांत २४,००,०००.५ दिवसांचा फरक आहे. लाखांचा भाग एखादे वेळी डोळ्यांत भरेल, शेवटचा अर्धा दिवस भरणार नाही. आणि काही तासांत प्रकाशमान बदलणाऱ्या ताऱ्याच्या अभ्यासात अर्धा दिवस म्हणजे सर्वस्व.

या मागणीवर आक्षेप येतात, आणि ते मांडणारे लोक अजाण नाहीत. त्यांची दखल घ्यायलाच हवी.

पहिला आक्षेप: प्रारूपे दर काही महिन्यांनी अधिक हुशार होत आहेत, आज जे लिहावे लागते ते उद्या त्यांना आपोआप कळेल. यात अर्धे सत्य आहे. हुशार एजंट दैनिक नोंदी उपग्रहाच्या ताशी नोंदींशी ताडून पाहू शकेल आणि दिवस ८.३० ला संपतो हे शोधूनही काढेल. पण जे एका ओळीत सांगता येते ते प्रत्येक प्रश्नामागे नव्याने शोधून काढायला लावणे हा कोणता शहाणपणा? शिवाय संकेत हा बुद्धीने सिद्ध होत नाही, तो सांगावा लागतो. रस्त्याच्या कोणत्या बाजूने गाडी चालवावी, हे आइन्स्टाइनलाही तर्काने काढता आले नसते.

दुसरा आक्षेप: एजंटला कोड वाचायला द्या, कोड हेच खरे डॉक्युमेंटेशन. कोड काय करतो ते कोडमधून कळते. आकड्याचा अर्थ काय ते कळत नाही. −९९९ कोडमध्ये दिसेल. सकाळचे ८.३० दिसणार नाहीत, कारण ते कोडमध्ये कुठेच नाहीत. ते पर्जन्यमापकाशेजारी उभ्या राहणाऱ्या निरीक्षकाच्या दिनक्रमात आहेत. विज्ञानातील डेटाचा अर्थ संगणकाबाहेर, मोजणीच्या जागी घडतो. तो आत आणण्याचे काम माणसालाच करावे लागते.

तिसरा आक्षेप आजकाल सर्वांत लोकप्रिय आहे: डॉक्युमेंटेशनही एआयकडूनच लिहून घ्या. मसुद्यासाठी जरूर घ्यावे. भाषा स्वच्छ होईल, विसरलेले घटक यादीत येतील. पण कोडमध्ये नसलेली गोष्ट मसुद्यात कुठून येणार? ती अंदाजाने येणार. मग एका प्रारूपाचा अंदाज टूलच्या अधिकृत वर्णनात जाऊन बसणार, आणि दुसरे प्रारूप तो प्रमाण मानून चालणार. साक्षीदारानेच न्यायाधीश होण्याचा हा प्रकार आहे. मसुदा कोणीही लिहावा, पण त्याखाली मोजणी जाणणाऱ्या माणसाची जबाबदारी हवी.

चौथा आक्षेप तांत्रिक आणि वजनदार आहे: वर्णने लांबली की प्रारूपाची मर्यादित वाचनक्षमता त्यांतच खर्ची पडते, शंभर टूलांची शंभर पाने समोर ठेवली तर एजंट गोंधळतो. हे खरे आहे. लांबी हा गुण नव्हेच. पण तुटपुंजेपणा आणि संक्षेप यांत फरक करावा लागतो, आणि संक्षेपाचा सर्वांत थोर नमुना याच भूमीत घडला आहे. पाणिनीची अष्टाध्यायी सुमारे चार हजार सूत्रांत एका भाषेचे व्याकरण बांधते. ती इतकी आटोपशीर होऊ शकते, कारण तिच्यात अनुवृत्ती आहे: आधीच्या सूत्रातील पद पुढच्या सूत्रांत अध्याहृत राहते. क्रमाने पाठ केलेल्याला अर्थ लागतो. मधूनच एक सूत्र उचलणाऱ्याला लागत नाही. म्हणून तर पुढे कात्यायनाची वार्त्तिके आणि पतंजलीचे महाभाष्य उभे राहिले. आजच्या बहुतेक टूलांची वर्णने अशी आहेत, की त्यांच्यात अनुवृत्ती आहे पण भाष्य नाही. ‘वरीलप्रमाणे’, ‘नेहमीच्या एककात’, ‘प्रमाणित स्वरूपात’. एजंटला मात्र अनेकदा संपूर्ण ग्रंथ मिळत नाही. नेमका एक तुकडा मिळतो. तो तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा. त्यासाठी पाने लागत नाहीत, मोजकी वाक्ये लागतात.

ती मोजकी वाक्ये कशी असावीत? पावसाच्या त्याच काल्पनिक टूलसाठी ती अशी लिहिता येतील:

‘दिलेल्या अक्षांश-रेखांशाच्या चौकटीतील एका दिवसाचा पाऊस मिलिमीटरमध्ये देते. दिवस म्हणजे आदल्या दिवशीच्या सकाळी ८.३० पासून दिलेल्या दिनांकाच्या सकाळी ८.३० पर्यंतचे २४ तास, भारतीय प्रमाणवेळेनुसार. २६ तारखेच्या दुपारचा पाऊस हवा असल्यास २७ तारीख द्या. ० म्हणजे पाऊस पडला नाही. −९९९ म्हणजे नोंद नाही. हा आकडा बेरजेत किंवा सरासरीत घेऊ नका. चौकट ०.२५ अंशाची आहे. एखाद्या ठाण्यावरील कमाल पाऊस हवा असल्यास हे टूल न वापरता ठाणे-नोंदींचे टूल वापरा. ताशी पाऊस यातून मिळत नाही. तो विचारल्यास दिवसाच्या आकड्याला २४ ने भागू नका. उपलब्ध नाही असे सांगा.’

यात एकही अवघड शब्द नाही. यातली प्रत्येक ओळ वर पाहिलेल्या एका चुकीच्या वाटेवर उभारलेले कुंपण आहे. ‘काय करते’ यापेक्षा ‘काय करत नाही’ या ओळी अधिक मोलाच्या आहेत, आणि नेमक्या त्याच सर्वांत कमी लिहिल्या जातात. कारण आपल्या टूलच्या मर्यादा लिहिताना कर्त्याला कमीपणा वाटतो. भौतिकशास्त्रात मापनाबरोबर त्रुटिमर्यादा न देणाऱ्याला प्रयोगशाळेत उभे करत नाहीत. टूलच्या मर्यादा लिहिणे ही तीच शिस्त आहे.

टूलने परत पाठवलेला त्रुटिसंदेश हादेखील डॉक्युमेंटेशनचाच भाग. ‘त्रुटी ४००’ एवढे वाचून एजंट तीच चूक पुन्हा करतो, किंवा तारखांचे नाना क्रम लावून पाहत बसतो. ‘दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, १९०१ पूर्वीच्या नोंदी या संचात नाहीत’ असे वाचले, तर तो दुसऱ्या प्रयत्नात मार्गावर येतो, किंवा नोंदी नाहीत असे प्रामाणिकपणे सांगतो.

पण लिहिले म्हणजे संपले, असे मानणे ही दुसरी चूक ठरेल. नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरील एका प्रोग्रामने आवेगाचे आकडे पौंड-बल-सेकंदांत दिले. ते वाचणाऱ्या प्रोग्रामने न्यूटन-सेकंद गृहीत धरले. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक. ही गोष्ट एककांचा धडा म्हणून वर्गावर्गांत सांगितली जाते, पण तिचा अर्धा भाग गाळून. त्या दोन प्रोग्रामांमधील देवाणघेवाणीचे लिखित तपशीलपत्र अस्तित्वात होते, आणि त्यात मेट्रिक एककेच सांगितली होती. कागद बरोबर होता. टूल कागदाप्रमाणे वागत नव्हते, आणि हे कोणी ताडून पाहिले नाही. म्हणून डॉक्युमेंटेशन तपासावे लागते, तेही कोडइतक्याच कठोरपणे.

तपासण्याची रीत साधी आहे. उत्तरे आधीच ठाऊक असलेले वीस प्रश्न घ्यावे. त्यांत तारखेची सीमा, समुद्रातील चौकट, नोंद नसलेला दिवस, चुकीचे टूल निवडण्याचा मोह हे सारे असावे. एजंटला फक्त वर्णन आणि टूल द्यावे, आणि किती उत्तरे बरोबर येतात ते मोजावे. जिथे तो घसरतो तिथे वर्णनात ओळ घालावी, मग पुन्हा मोजावे. कोड बदलला की ही चाचणी परत चालवावी. डॉक्युमेंटेशनची गुणवत्ता ही आजवर अभिरुचीची बाब होती. ती आता मोजता येते, आणि मोजता येणाऱ्या गोष्टीकडे वैज्ञानिकाने पाठ फिरवणे शोभत नाही. या उठाठेवीचा एक आनुषंगिक लाभ असा, की ज्या वर्णनावर एजंट अडखळत नाही त्यावर दूरच्या महाविद्यालयातला, ज्येष्ठ सहकारी नसलेला विद्यार्थीही अडखळणार नाही. चहाच्या टेबलावरचे ज्ञान आजवर मोजक्या संस्थांच्या आवारात राहिले. ते लिहिले गेले, तर पहिला फायदा यंत्राचा नसून त्या विद्यार्थ्याचा आहे.

आणखी एक कारण संस्थांनी गांभीर्याने घ्यावे. टूलचे वर्णन एजंट केवळ वाचत नाही, पाळतो. त्यामुळे अनोळखी स्रोताकडून आलेल्या वर्णनात छुप्या सूचना पेरता येतात, आणि असे हल्ले सुरक्षा-संशोधकांनी करून दाखवले आहेत. राष्ट्रीय महत्त्वाच्या डेटाची टूल-वर्णने ज्या संस्थेने मोजणी केली तिनेच लिहावी, आवृत्तिक्रमांकासह प्रसिद्ध करावी आणि त्यांची जबाबदारी घ्यावी. ती जागा रिकामी राहिली, तर कोणीतरी ती भरेलच. आणि तो कोण असेल याची निवड संस्थेच्या हाती राहणार नाही.

मग हे होत का नाही? कारण यातून काही मिळत नाही. शोधनिबंध लिहिला की नाव होते, टूल बनवले की उल्लेख होतो; टूलचे वर्णन लिहिणाऱ्याला पदोन्नतीच्या अर्जात रकाना नसतो. हे काम मग गटातल्या सर्वांत धाकट्या विद्यार्थ्याच्या गळ्यात, प्रकल्प संपण्याच्या आदल्या आठवड्यात पडते. वास्तविक दिशा वेगळी असू शकते, याचे दाखले आहेत. २०१६ मध्ये मांडलेल्या ‘फेअर’ तत्त्वांनी डेटा माणसांइतकाच यंत्रांनाही वाचता यावा, असा आग्रह धरला. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ या नियतकालिकात परीक्षक डॉक्युमेंटेशन तपासतात. भारताने २०१२ मध्येच राष्ट्रीय डेटा देवाणघेवाण व सुलभता धोरण स्वीकारले. डेटा खुला करण्याचे तत्त्व या देशाला नवे नाही. खुला केलेला डेटा समजण्याजोगाही असावा, ही त्या तत्त्वाची उरलेली अर्धी वाट आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक निधीतून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक टूलच्या अंदाजपत्रकात डॉक्युमेंटेशनच्या लेखन-तपासणीसाठी स्वतंत्र तरतूद असावी. ज्या शोधनिबंधातील निष्कर्ष एजंटकरवी काढले आहेत, त्यात एजंटला दिलेली टूल-वर्णने परिशिष्ट म्हणून जोडणे बंधनकारक व्हावे. उपकरणाची जुळणी न सांगता मापन छापता येत नसेल, तर हेही छापता येऊ नये. पीएचडीच्या प्रबंधात उत्तम डॉक्युमेंटेशनला प्रकरणाचा दर्जा मिळावा. आणि मार्गदर्शकांनी ‘नंतर बघू’ हे म्हणणे थांबवावे. कारण एजंटांच्या वेगाने काम सुरू झाले, की ‘नंतर’ येईपर्यंत हजारो चुकीची उत्तरे कोणाच्या तरी अहवालात जाऊन बसलेली असतील.

विद्यार्थ्यांना तर निधीची वा नियमाची वाट पाहण्याचे कारणच नाही. आज ज्याने एखादे छोटे टूल लिहिले असेल, त्याने आजच त्याचे वर्णन उघडावे आणि पाच प्रश्न विचारावे: एकक कोणते, दिवस कधी संपतो, नोंद नसल्यास काय परत येते, व्याख्या कोणाची, आणि हे टूल कशासाठी वापरू नये. उत्तरे पानावर नसतील, तर ती अजून फक्त त्याच्या डोक्यात आहेत. आणि एजंट डोक्यात डोकावू शकत नाही.

२७ जुलै २००५ च्या सकाळी सांताक्रूझच्या निरीक्षकाने पर्जन्यमापकातले पाणी मोजले, आकडा लिहिला आणि त्यापुढे तारीख घातली. त्याने आपले काम चोख केले. ती तारीख कोणत्या पावसाची, हे पुढच्या वाचकाला सांगण्याचे काम मात्र अजून बाकी आहे. तो वाचक माणूस असो वा यंत्र, ते काम टाळणाऱ्याला त्याच्या चुकीबद्दल त्याच्यावर बोट ठेवण्याचा अधिकार नाही.